उसाला कालवा, माणसाला टँकर

२०२५ च्या पावसाळ्याने मराठवाड्याला झोडपून काढले. ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील गावांत रातोरात पाणी शिरले आणि माणसे दगावली. सप्टेंबरमध्ये मांजरा, तेरणा, सिंदफणा व गोदावरी ह्या नद्यांनी काठ सोडले. काढणीला आलेले सोयाबीन उभ्या जागी कुजले. अशा वर्षानंतर तहानेचा विषय काढणे अनेकांना अवेळी वाटेल. परंतु आमचे मत नेमके उलट आहे. दुष्काळाविषयी बोलायचे ते धरण भरलेले असताना. धरण कोरडे पडले, की जो तो घागर घेऊन टँकरमागे धावत असतो. तेव्हा विचार करायला कुणालाच सवड नसते. धरण भरले, की बांधाबांधावर उसाचे बेणे पडते, आणि पुढच्या तहानेचा पाया त्याच दिवशी घातला जातो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : लातूर-नांदेडच्या तहानेला केवळ आभाळ जबाबदार नाही. पाऊस कमी-अधिक होणे हा निसर्गाचा भाग झाला. परंतु जे काही पडते ते प्रथम कोणाला मिळावे, हे माणसे ठरवितात, आणि ती माणसे निवडून दिलेली असतात. म्हणूनच पाण्याचा प्रश्न हा दयेचा नसून न्यायाचा आहे. आपला कॅथलिक समाज दया दाखविण्यात कधी मागे राहिलेला नाही. न्याय मागण्यात मात्र तो फार संकोचतो, आणि ह्या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

रेल्वेने आलेले पाणी

१२ एप्रिल २०१६ ची पहाट लातूरकर विसरणार नाहीत. त्या पहाटे मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, असे पाच लाख लिटर पाणी. तत्पूर्वी, मार्च महिन्यात, जिल्हा प्रशासनाने शहरातील पाण्याच्या टाक्या व टँकर भरण्याची ठिकाणे ह्यांच्या परिसरात जमावबंदीचे १४४ वे कलम लागू केले होते. ज्या कलमाचा वापर दंगली रोखण्यासाठी व्हायचा, तो घागरी घेतलेल्या बायाबापड्यांवर करण्याची पाळी आली. २०११ च्या जनगणनेनुसार ३ लाख ८२ हजारांहून अधिक वस्तीच्या ह्या शहराला पाणी पुरविणारे धनेगावचे मांजरा धरण तेव्हा तळ दाखवीत होते.

‘पाऊस झाला नाही, त्याला कोण काय करणार?’ असे त्या वेळी सर्वत्र ऐकू येई. २०१४ व २०१५ ही लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला हे खरेच आहे. परंतु लातूर हा वाळवंटी प्रदेश नव्हे. येथे सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच्या जवळजवळ निम्म्या पावसावर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव टँकरवाचून उन्हाळे काढते. मग हिवरे बाजारला जे साधते ते लातूरला का साधू नये? हा प्रश्न विचारला की सभा शांत होते.

त्याच एप्रिलमध्ये आणखी एक प्रकरण गाजले. राज्यात आयपीएल क्रिकेटचे सामने व्हावयाचे होते आणि मैदानांसाठी ६० लाख लिटर पाणी लागेल असा हिशेब मांडला गेला. जनतेत संताप उसळला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश न्यायालयाने दिला. निर्णय योग्यच होता. परंतु हे ६० लाख लिटर पाणी म्हणजे किती? एका हेक्टर उसाला वर्षाकाठी सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे ज्या पाण्यावरून अवघा महाराष्ट्र तावातावाने बोलला, ते तीस गुंठे उसाचे पाणी होते! २०१५-१६ च्या त्याच गाळप हंगामात मराठवाड्यातील कारखान्यांची धुराडी पेटलेली होती. त्यांच्याविषयी मात्र एवढा गदारोळ झाला नाही. क्रिकेटवर रागावणे सोपे असते. क्रिकेटला विधानसभेत मतदारसंघ नसतो.

हिशेब एका हेक्टराचा

हिशेबाला भावना नसतात, म्हणून तो आधी मांडू. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे असा शासनाचाच निकष आहे. म्हणजे वर्षाला एका माणसाला सुमारे वीस हजार लिटर पाणी लागते, आणि हजार माणसांच्या गावाला दोन कोटी लिटर. एका हेक्टर उसालाही तेवढेच पाणी लागते. एक हेक्टर ऊस एका बाजूला व हजार माणसांचे गाव दुसऱ्या बाजूला, असा हा तराजू आहे. मिरजेहून आलेल्या त्या पहिल्या दहा वाघिणींच्या गाडीने हा एक हेक्टर भिजवायचा म्हटले, तर चाळीस खेपा कराव्या लागतील.

आता हा हिशेब अवघ्या मराठवाड्याला लावून पाहा. औरंगाबादचे तत्कालीन विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर ह्यांनी २०१९ मध्ये शासनाला जो अहवाल पाठविला, त्यात मराठवाड्यातील उसाचे क्षेत्र ३ लाख १३ हजार हेक्टर आणि त्यावर खर्च होणारे पाणी वर्षाला २१७ टीएमसी दाखविले होते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी आहे. म्हणजे जवळपास तीन जायकवाडी एवढे पाणी एक पीक पिऊन टाकते. हेच पाणी कडधान्ये व तेलबियांना दिले तर ३१ लाख हेक्टर जमीन भिजेल, असे त्या अहवालाचे सांगणे होते. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेही महाराष्ट्राविषयी असेच नोंदविले आहे : लागवडीखालील क्षेत्राच्या जेमतेम चार टक्क्यांवर असलेला ऊस सिंचनाच्या सुमारे सत्तर टक्के पाण्याचा धनी आहे.

राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम दिलेला आहे. कागदावर तो आजही पहिलाच आहे. परंतु उसाचे पीक बारा महिने उभे असते आणि आडसाली ऊस तर दीड वर्ष रानात राहतो. एकदा लावला की तो फेब्रुवारीतही पाणी मागतो आणि मे महिन्यातही. धरणात पाणी असते तोवर तो कालव्यातून घेतो. कालवा आटला की विहिरीतून, विहीर आटली की कूपनलिकेतून. गावच्या नळयोजनेची विहीर त्याच जमिनीत असते. तीन शेतांपलीकडे सहाशे-आठशे फूट खोल बोअर गेले, की गावच्या विहिरीचे पाणी कोणी न चोरता नाहीसे होते. मग जलनीतीतला पहिला क्रम तहसील कचेरीच्या कपाटात राहतो आणि गावाच्या वाट्याला टँकर येतो.

दोष शेतकऱ्याचा नव्हे

येथे आमच्या काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आपल्या धर्मग्रामांतही दोन-तीन एकर ऊस लावणारी कुटुंबे आहेत. ‘फादर, मुलीचे लग्न आणि मुलाची फी उसाच्या बिलातून होते. तुम्हांला ऊस का खुपतो?’ असे ते विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे.

बंधूंनो, ऊस लावण्यात तुमचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. तुम्ही जो हिशेब केला तो कोणताही शहाणा संसारी माणूस करील. उसाला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचे संरक्षण आहे. केंद्र शासन दर ठरविते. तो दर कारखान्याने चौदा दिवसांत द्यावा असे बंधन आहे, आणि उशीर झाला तर व्याज मागता येते. ते देण्यात कारखाने किती टाळाटाळ करतात हे तुम्ही जाणताच. पण निदान भांडायला कायदा आहे. सोयाबीन, तूर, हरभरा ह्यांना हमीभाव जाहीर होतो, परंतु त्या भावाने घेण्याची सक्ती कोणावरच नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. लातूरची बाजारपेठ ही सोयाबीन व तुरीसाठी देशभर ओळखली जाते. तेथेच शेतकऱ्याला त्याहून पुष्कळ कमी भावात माल टाकून रिकामी बैलगाडी घेऊन परत यावे लागले. शिवाय ऊस गारपिटीत टिकतो, चोरीला जात नाही, आणि कारखाना तो दारातून उचलून नेतो. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासूनही इथेनॉल करण्याची वाट मोकळी झाली. त्यामुळे कारखान्याची उसाची भूक आणखी वाढली.

म्हणजे शासन एका हाताने ऊस लावण्यास बक्षीस देते आणि दुसऱ्या हाताने टँकरची निविदा काढते. ह्या दोन हातांमध्ये जो चिरडला जातो तो शेतकरी, आणि त्याहून अधिक, ज्याला शेतीच नाही तो. आमच्या भाविकांपैकी बरीच कुटुंबे भूमिहीन आहेत. कंधार-मुखेडच्या माळरानावरची माणसे दिवाळी झाली की कोयता व पोरेबाळे घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जातात. त्यांच्या वाट्याला ऊस येतो तो पाचटाच्या खोपीत आणि डोक्यावरच्या मोळीत. गावी परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो आणि वस्तीवरचा हातपंप कोरडा असतो. उसाच्या समृद्धीत त्यांचा वाटा एवढाच.

शहाण्यांनी सांगितले होते

हे सारे कोणाला माहीत नव्हते असे म्हणावे, तर तेही खरे नाही. १९७९ मध्येच दांडेकर, देऊस्कर व देशमुख ह्यांच्या समितीने ‘आठमाही’ पाणीवाटपाचा आग्रह धरला होता. धरणाचे पाणी आठ महिने, खरीप व रब्बीच्या पिकांना, अधिकांत अधिक शेतकऱ्यांना द्यावे. बारमाही पिकांना मोजक्या लोकांचे कुरण करू नये, हा त्याचा अर्थ. हे धोरण १९८७ मध्ये शासनाने स्वीकारले तेव्हा मुख्यमंत्रिपदी होते शंकरराव चव्हाण, म्हणजे नांदेडचाच माणूस! ज्यांच्या नावाने आज विष्णुपुरी प्रकल्प ओळखला जातो, त्यांचे हे खरे स्मारक व्हावयास हवे होते. परंतु ऊस पिकविणाऱ्या प्रबळ पट्ट्याला ते मानवले नाही; आठमाहीचे धोरण कागदावर राहिले आणि बारमाही ऊस रानात राहिला. आता त्याच विष्णुपुरीच्या जलाशयाकाठच्या मोटारींची वीज तोडून नांदेड शहराचे पिण्याचे पाणी वाचविण्याची पाळी उन्हाळ्यात प्रशासनावर येते, हा काळाने उगविलेला सूड म्हणावा काय?

१९९९ मध्ये डॉ. माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने पाण्याची तूट असलेल्या खोऱ्यांत उसाला आवर घालण्याविषयी बजावले. एप्रिल २०१६ मध्ये, रेल्वेचे पाणी लातूरला येत असताना, मराठवाड्यात पाच वर्षे नव्या साखर कारखान्यांना परवानगी न देण्याची घोषणा मंत्र्यांनी केली. जुलै २०१७ मध्ये उसाला ठिबक सिंचन सक्तीचे करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. २००९ च्या भूजल अधिनियमात साठ मीटरहून खोल विहिरींना आळा घालण्याची तरतूद आहे. वर उल्लेखिलेला २०१९ चा अहवाल तर थेट ऊसबंदीचीच शिफारस करतो. समित्या झाल्या, अहवाल आले, अधिनियम झाले, घोषणा झाल्या. आणि ऊस वाढतच राहिला. महाराष्ट्रात ज्ञानाचा दुष्काळ कधीच नव्हता. दुष्काळ आहे तो ज्ञानाप्रमाणे वागण्याचा.

कारण उघड आहे. कारखाना म्हणजे नुसता कारखाना नव्हे. तो बँक आहे, शिक्षणसंस्था आहे, वाहनांचा ताफा आहे आणि निवडणुकीची यंत्रणाही आहे. धरणाचे पाणी कोणत्या आवर्तनात किती सोडायचे हे ठरविणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत लोकप्रतिनिधी बसतात. त्या बैठकीत उसाच्या बाजूने बोलणारे अनेक असतात. वस्तीवरच्या हातपंपाच्या बाजूने बोलणारा कोण असतो?

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की साखर कारखान्यांनीच ह्या मागास भागात रस्ते, महाविद्यालये व दवाखाने आणले. त्यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. निजामी अमलात दीर्घकाळ उपेक्षिलेल्या मराठवाड्याला सहकाराने उभारी दिली. परंतु ज्या झाडाने सावली दिली त्याची मुळे विहिरीत शिरली, तर ती छाटावीच लागतात. सहकाराचे तत्त्व सर्वांच्या भल्याचे होते. तेच तत्त्व पाण्याला लावा, एवढेच आमचे मागणे आहे. सहकार तूरडाळीचा होऊ शकतो, तेलघाण्याचा होऊ शकतो, दुधाचा होऊ शकतो.

दुसरा आक्षेप असतो तो जलवाहिन्यांचा. मराठवाड्यातील अकरा धरणे एकमेकांना जोडणाऱ्या ‘वॉटर ग्रिड’ची योजना २०१९ पासून गाजते आहे, उजनीचे पाणी लातूरला आणण्याचे आश्वासन तर कित्येक निवडणुकांनी वापरून गुळगुळीत केले. आम्ही जलवाहिनीचे विरोधक नाही. परंतु नळाने पाणी वाहते, निर्माण होत नाही. ज्या वर्षी मांजरा आटते त्या वर्षी शेजारची धरणेही बहुधा आटलेली असतात. आणि दूरवरून पाणी आले तरी वाटपाचा न्याय तोच राहिला, तर ते पाणीही शेवटी उसाच्याच सरीत जाईल. घरातले मडके फुटके असताना नदीवरून आणखी घागरी आणीत राहण्यात शहाणपण नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच घरातला आहे : ‘धर्मगुरूंनी मिस्सा अर्पावी, प्रार्थना करावी, पाणीवाटपाच्या राजकारणात त्यांचे काय काम?’ ह्या आक्षेपाला थोडे सविस्तर उत्तर देणे प्राप्त आहे.

विहीर कोणाची?

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. त्याच्या चाकरांनी विहीर खणली, जिवंत पाणी लागले, आणि गराराच्या गुराख्यांनी ‘पाणी आमचे’ म्हणून भांडण मांडले. त्याने दुसरी खणली. तेथेही तंटा झाला. तिसऱ्या विहिरीवर मात्र कोणी भांडले नाही, आणि सर्वांना ऐसपैस जागा मिळाली ह्या अर्थाने तिचे नाव रहोबोथ पडले. पाण्यावरचे तंटे मिटतात ते सर्वांना जागा झाल्यावर, बलवानाने पाणी अडविल्यावर नव्हे, हा त्या कथेचा आशय आहे. प्रभू येशू शोमरोनी स्त्रीशी बोलला तोही विहिरीच्या काठावर, आणि पाणी मागूनच त्याने संभाषणाला आरंभ केला. अंतिम न्यायाच्या दिवशी जे प्रश्न विचारले जातील त्यांत तहानेल्याला पाणी दिले की नाही हा प्रश्न आहे. उपास किती केले, नोव्हेना किती म्हटल्या, हे प्रश्न मत्तयच्या त्या पंचविसाव्या अध्यायात शोधूनही सापडणार नाहीत.

ह्या मातीतली साक्षही तीच आहे. पैठणच्या संत एकनाथांनी रामेश्वराला न्यावयाचे गंगाजल वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा मराठवाड्यातले शेंबडे पोरही जाणते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंना घेऊन जाऊन जे पाणी ओंजळीत घेतले, त्यातूनही एकच गोष्ट सिद्ध करावयाची होती : पाण्यावर माणूस म्हणून सर्वांचा सारखा हक्क आहे. त्या काळी पाणवठ्यावरून माणसाला जातीने हाकलले. आज त्याला कोणी हाकलीत नाही. पाणीच आधी निघून गेलेले असते. परिणाम मात्र पुष्कळदा त्याच वस्त्यांना भोगावा लागतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात शुद्ध पेयजल हा माणसाचा मूलभूत व सार्वत्रिक हक्क असल्याचे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्याआधी ५० वर्षे, १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी बोलताना बजावले होते, की जे न्यायाने देणे आहे ते दान म्हणून देण्यात येऊ नये. ह्या एका वाक्यार्थावर आपल्या सर्व धर्मग्रामांनी एक संपूर्ण प्रायश्चित्तकाळ चिंतन करावे असे आम्हांला वाटते. कारण आपण टँकर वाटतो तेव्हा नेमके हेच घडत असते. लोकांचे हक्काचे पाणी वर्षभर दुसरीकडे जाते, आणि मे महिन्यात त्यातली एक घागर आपण त्यांना धर्मादाय म्हणून परत करतो. घागर द्यावीच, तहानेल्याला ‘आधी धोरण बदलू दे’ असे सांगणे पाप होईल. परंतु घागर देऊन जो गप्प बसतो, त्याने अर्धेच शुभवर्तमान वाचले असे आम्ही म्हणू.

आणि हे कार्य आपल्या परंपरेला परकेही नाही. स्विस येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर ह्यांनी अहमदनगरच्या दुष्काळी टापूत आयुष्य वेचले. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाला त्यांनीच आकार दिला आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविण्याचे तंत्र शेकडो गावांनी स्वीकारले. गावाने प्रथम श्रमदान व चराईबंदी पाळावी, मगच पैसा, अशी त्यांची शिस्त होती. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा विहिरींचे पाणी उपसून नेणाऱ्या टँकरांविरुद्ध आपलीच माणसे रस्त्यावर उतरली होती. तेच दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि मराठवाड्याने एका कॅथलिक धर्मगुरूला तो मान दिला. त्या मानाची परतफेड साहित्यानेच करावी असे नाही. पाण्याच्या लढ्यानेही ती करता येते.

मागणे काय आहे?

निषेध करून थांबणे आम्हांस मान्य नाही. म्हणून मागण्या स्पष्ट सांगतो. धरणातील पिण्याच्या पाण्याचे आरक्षण १५ ऑक्टोबरचा साठा पाहून ठरते. ते पुढचा एक पावसाळा हुकेल असे धरून ठरवावे, आणि त्याचा आकडा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या व वॉर्डाच्या फलकावर लावावा. मांजरा व तेरणा खोऱ्यांत नव्या कारखान्याला किंवा गाळपक्षमता वाढविण्याला परवानगी नसावी. २०१७ चा ठिबकचा निर्णय खरोखर अमलात यावा आणि त्यासाठी लहान शेतकऱ्याला अनुदान वेळेवर मिळावे. तूर, हरभरा व सोयाबीन ह्यांच्या हमीभावामागे उसाच्या दराइतकेच कायद्याचे बळ उभे राहावे. ही शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची; कारण ती मान्य झाली तर शेतकरी स्वतःच उसाचा नाद सोडील, बंदीची गरजही भासणार नाही.

धर्मग्रामांनी काय करावे? ग्रामसभेला जावे. आपल्या स्त्रिया मंडळांतून व प्रार्थनागटांतून एकत्र येतातच. पाणी भरण्याचा भार त्याच वाहतात, म्हणून पहिला शब्द त्यांचा असावा. हिवरे बाजारने ग्रामसभेच्या बळावर ऊस-केळीला व शेतीसाठीच्या बोअरला बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पाडली. असा ताळेबंद आपल्या वस्त्यांवरही मांडता येईल : पाऊस किती पडला, माणसांना किती हवे, जनावरांना किती, आणि उरले तर कोणत्या पिकाला. त्यासाठी पदवी लागत नाही; पर्जन्यमापक, वही आणि थोडा निर्भयपणा लागतो. मत मागायला येणाऱ्याला स्मशानभूमीची भिंत व समाजमंदिर जरूर मागा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा : ‘कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत तुम्ही कोणाच्या बाजूने बोललात?’

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर मांजरा धरण तुडुंब भरले. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे तीन वर्षांच्या आत मराठवाडा पुन्हा दुष्काळात होता. भरलेल्या धरणाने आपल्याला एकदा असे झोपविले आहे. आताही धरणे भरली होती; उसाची बेणी पडली आहेत; साखरेचे व इथेनॉलचे हिशेब मांडले जात आहेत. ह्या हिशेबांत वस्तीवरच्या हातपंपाचा रकाना कोणी घातलेला नाही. तो घालण्याचे काम आपले आहे, आणि ते पाणी असतानाच केले पाहिजे.